तीन महिन्यांचं दूध

आमच्या मैलूरच्या घराशेजारच्या बाई ठाणाकुशनूरच्या शाळेत शिकवतात. कडेवर बाळ घेतलेली कुणीही दिसली, की विचारतात, "अक्का, अंगावर पाजायलीस न्हवं?" नोकरीवर परत जाताना त्यांनी लेकीचं दूध तिसऱ्याच महिन्यात तोडलं होतं. पुढे कधीतरी त्यांनी वाचलं, की आईच्या दुधानं मुलांची बुद्धी वाढते. "फरक थोडाच असतो," असं मी कितीदा म्हणाले, पण त्यांना पटलं नाही.

परवा लेक गणितात नापास झाली. मी गेले तेव्हा बाई तिला शिकवत होत्या; ती त्यांच्या शेजारीच बसून तीच गणितं पुन्हा सोडवत होती.

बाई मला म्हणाल्या, "तिची चूक न्हाई. माझंच दूध कमी पडलं."

लेकीनं मान वर केली. "मग कामून शिकवायलीस मला?"

लेकीनं वही मिटली.