उजळलेल्या सहा काचा

गेल्या महिन्याच्या सात तारखेला, मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता मलकापूरहून फोन आला. घरात आम्ही तिघे होतो: मी, माझी पत्नी आणि आई. दिनकर पहाटे झोपेतच गेला होता. वय चव्वेचाळीस. मी फोन ठेवला आणि आईला म्हणालो, "आपला दिनकर गेला." आईला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "कुठं? कोरियाला?" ...मला तिला पुन्हा सांगावं लागलं.

आईच्या डोक्यात कोरिया का राहिला, ते सांगतो. दिनकर आणि मी हुपरीचे. दोघांची घरं समोरासमोर, शाळेचा बाक एक. मी वडिलांच्या मागे चांदीच्या पैंजणांच्या कामाला बसलो, तो बसने कोल्हापूरला शिकायला जाऊ लागला. एम.एस्सी. झाला आणि नंतर तिथेच राहून संशोधनाला लागला. काचेवर अतिशय पातळ थर चढवायचा आणि त्यातून उन्हाची वीज करायची, असं त्याचं काम. मोठी यंत्रं नव्हती. कोमट द्रावणात काचेच्या पट्ट्या उभ्या करायच्या आणि थर धरायची वाट बघायची. मी म्हणायचो, "लेका, हे आमच्या मुलाम्यासारखंच की." तो म्हणायचा, "तुझं गिऱ्हाईक तरी हाय. माझं सूर्य हाय, आणि त्यो घासाघीस करत न्हाय."

दोन हजार सालानंतर केव्हातरी त्याने त्या थरावर काटे वाढवायला सुरुवात केली. जस्ताच्या क्षारापासून, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. कशाला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. एवढंच कळलं की सहा पट्ट्यांपैकी चौथीने सव्वादोन टक्के दिले होते. म्हणजे शंभर भाग ऊन पडलं तर सव्वादोन भाग वीज. मी हसलो. तो हसला नाही. त्या पद्धतीत हा आकडा मोठा होता, आणि तो पक्का ठरला तर कोरियातल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा मिळणार होती. सोमवारी पट्ट्या घेऊन पुण्याला जायचं, तिथे दुसऱ्या यंत्रावर मोजून घ्यायचं, असं ठरलं.

शनिवारी तो गावी आला. त्याच्या घरी चुना मारायचं काम चाललेलं, म्हणून पट्ट्यांचा डबा माझ्या कारखान्यात ठेवून गेला. "सांभाळ रे," एवढंच म्हणाला. रविवारी मी डबा उघडला. सहाही काचा दुधाळ, मळकट, दमट हवेत वाफ धरल्यासारख्या. आमच्या धंद्यात मंद माल दाराबाहेर जात नाही. पुण्याच्या लोकांसमोर हा असल्या काचा ठेवणार? मी रिठ्याचं पाणी केलं, मऊ ब्रश घेतला आणि पैंजण उजळावेत तशा सहाही काचा उजळल्या. फडक्याने कोरड्या केल्या. आरशासारख्या झाल्या. मला बरं वाटलं.

संध्याकाळी त्याने डबा उघडला आणि तो खाली बसला.

"ह्ये कुणी केलं?"

"मी. लई मळल्या हुत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने एक पट्टी उजेडाकडे धरली. मग अगदी हळू म्हणाला, "गड्या, ते मळणंच तर माझं काम हुतं." मला कळेना. तेव्हा त्याने समजावलं. "काच चमकती म्हंजे ऊन परत चाललंय. मला ऊन परत लावायचं न्हाय. उसाच्या फडात ऊन शिरतंय, पानापानावर आपटतंय, आतच मुरतंय, खाली सरीत सावली असती का न्हाय? ते काटे म्हंजे माझा फड हुता. तू फड तोडलास." असं म्हणून तो हसला. ते हसणं मला आजही सोसत नाही.

आठ महिने त्याने पुन्हा पुन्हा काटे वाढवले. एक पूर्णांक नऊच्या वर एकही पट्टी गेली नाही. त्याचे मार्गदर्शक सर म्हणाले, सव्वादोन मोजला होता ना, मग कोरियाच्या अर्जात तोच लिही. एका शनिवारी बसमधून उतरून तो सरळ माझ्याकडे आला. "तू मापाचा माणूस. काय करू?"

मी विचारलं, "किती येळा मोजलंतास?"

"एकदा."

"आम्ही चांदी तीनदा तोलतो," मी म्हणालो. त्याने मान हलवली. अर्जात एक पूर्णांक नऊ गेलं. जागा दुसऱ्याला मिळाली. दिनकर मलकापूरच्या कॉलेजात शिकवू लागला. काचा मी पुसल्या आणि आकडाही मीच अडवला. आकडा अडवल्याचा मला पस्तावा नाही. काचा पुसल्याचा आहे.

तेराव्यानंतर आम्ही मलकापूरला गेलो. दिनकरच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्याची खोली उघडून दिली. टेबल, खुर्ची, कपाट, सगळं लख्ख. फक्त खिडकीत टेकवलेली बोटभर रुंदीची एक काच, त्याच्या नंतरच्या पट्ट्यांपैकी, धुरकट होती. मी तिच्याकडे बघतोय हे वहिनींच्या लक्षात आलं. "ती मी पुसत न्हाय, भावजी. लग्न झाल्या झाल्या सांगितलंतं, ही एवढी सोड. एकदा बसमधनं डबा पडला, सहा काचा वाया गेल्या, म्हणायचे. माझ्याच हातनं पडला, म्हणायचे."

मी म्हणालो, "वहिनी, डबा पडला नव्हता."

सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही व्हय! आणि मी इतकी वर्षं त्यांनाच वेंधळं म्हणत आले की हो..." त्या पदर तोंडाला लावून रडल्या, मग त्यातच हसल्या. कपाटातून त्यांनी त्याच्या प्रयोगाची वही काढली. त्या दिवसाच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात होतं: 'सहाही पट्ट्या प्रवासात खराब. निष्काळजीपणा माझा.' त्यांनी पेन पुढे केलं. "लिवा खाली. खरं ते लिवा."

मी लिहिलं: 'पट्ट्या प्रवासात खराब झाल्या नाहीत. त्या मी रिठ्याने धुतल्या. दिनकरचा दोष नाही.' खाली सही केली. शाई ओली होती. टिपायला माझा हात खिशातल्या फडक्याकडे गेला. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भावजी. वाळंल आपोआप."