आबाचं दुसरं जेवण

आबा गेल्याची बातमी रत्नागिरीच्या अख्ख्या एस.टी. स्टँडने माझ्याबरोबरच ऐकली, आणि त्याला कारण मीच. चौकशीच्या खिडकीत बसून मी गाड्यांची नावं पुकारतो. पुकारतो कसला, गातो म्हणा ना! साध्या लांज्याच्या गाडीला मी असा काही आवाज लावतो की माणसाला वाटावं, लांज्यात राज्याभिषेक आहे आणि आपल्याला बोलावणं आलंय. तर त्या सकाळी चिपळूणची गाडी पुकारून होते न होते तोच वाडीतला गणपत खिडकीत तोंड घालून म्हणाला, "आबा गेला." माइकचं बटण चालूच होतं. "आबा गेला?" हा माझा प्रश्न कर्ण्यातून स्टँडभर घुमला. आणि दुसऱ्याच क्षणी एक म्हातारी बोचकं सावरत धावत आली. "आंबा गेली? अरे मेल्या, मी केव्हापासून तिचीच वाट बघतंय, आधी नाय का सांगायचं?" तिला घाटातल्या आंब्याला जायचं होतं. मी म्हटलं, "आजी, आंब्याची गाडी नाही गेली." ती म्हणाली, "मग कोण गेलं?" मी नुसतं बटण बंद केलं... हा प्रसंग आबाला सांगायला मिळाला असता तर तो हसून हसून भिंतीला टेकला असता. गेले दोन महिने मला कळत नाहीये, की ही एवढी फर्मास गोष्ट आता सांगायची कुणाला.

आबा आमच्या वाडीच्या देवळाचा गुरव. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा, पण आमच्याकडे देवाला आणि आबाला एकेरीच हाक. देवळाची पूजा करून उरलेल्या वेळात तो कौलं शाकारायचा. पावसाच्या आधी वाडीतल्या निम्म्या घरांवर त्याची उघडी, काळी पाठ दिसायची. पण त्याचं खरं काम म्हणजे गाऱ्हाणं. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या चौथऱ्यावर, बसली की आबा देवासमोर उभा राहून सगळ्या वाडीची सुखदुःखं देवाला सांगायचा. कुणाचं नाव घ्यायचं नाही ही त्याची रीत. "कुणा लेकराच्या पायाला दुखणं असेल महाराजा, कुणाची गाय हरवली असेल महाराजा, ती वाटेला लाव..." आणि प्रत्येक वाक्यामागे आम्ही गर्दीने एकसुरात म्हणायचं, "होय महाराजा!" त्या 'होय महाराजा'चा पुढारी अर्थातच मी. माझा आवाज निघाला की देवळाच्या आढ्यावरचे पारवे उडायचे. आबा मागे न बघता एक हात हलवायचा. त्याचा अर्थ, हळू, देव बहिरा नाही.

एकदा मला आबाची चोरी सापडली. वाडीच्या टोकाला काशीबाई एकटी राहायची. तिच्या चुलीवर पाणी गळायचं. त्या शिमग्यात आबाने गाऱ्हाण्यात म्हटलं, "कुणाच्या चुलीवर आभाळ फाटलं असेल महाराजा, ते शिव." आम्ही होय म्हटलं आणि घरी गेलो. चार दिवसांनी काशीबाई बाजाराला गेली असताना मी तिच्या घरावरून चाललो होतो, तर वर आबा! कौलं बदलत होता. मी खालून नाटकी आवाजात म्हटलं, "हे परमेश्वरा, आपण स्वतः छपरावर?" तो दचकला. मग खाली वाकून म्हणाला, "वरडू नको रे नाटक्या! गाऱ्हाणं माझ्या तोंडाने गेलं ना? मग देवाने कुणाला तरी पाठवायला हवं. जो समोर उभा होता, त्याला पाठवलं."

"आणि काशीबाई विचारेल तेव्हा?"

"तिला वाटूदे ना देवाने केलं म्हणून. तसं बघायला गेलं तर खोटं काय त्यात?"

काशीबाईने देवाला नारळ फोडला. अर्धी वाटी रीतीप्रमाणे गुरवाला मिळाली. ती हातात घेताना आबाचा चेहरा असा झाला होता की जणू खोबरं चोरताना पकडला गेलाय. त्याने मला शपथ घातली, कुणाकडे बोललास तर जीभ झडेल. वाडीतली एकही गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, पण ही राहिली. पुढे मला नादच लागला. गाऱ्हाणं झालं की मी आबावर नजर ठेवायचो. कुणाच्या गोठ्यात गवताचा भारा आला, कुणाच्या विहिरीला नवा दोर आला, मला बरोबर कळायचं. आबा दिसला की मी नुसती भुवई उडवायचो. तो म्हणायचा, "गप." वाडीतली सगळी गुपितं मला ठाऊक आहेत, अशा तोऱ्यात मी होतो.

ब्याऐंशी सालची गोष्ट. त्या पावसाळ्यात माझी बायको सुलभा गेली. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी पुन्हा खिडकीत बसून गाड्या गायला लागलो. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस, बघा कसा सावरला! मी सावरलो वगैरे काही नव्हतो. स्टँडवर वडा खायचो, घरी येऊन कुलूप काढायचो आणि दिवा न लावता पडून राहायचो. पितळेच्या पातेल्यांवर हिरवं चढलं होतं. हे कुणाला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दाढी गुळगुळीत, आवाज खणखणीत आणि तोंडात नवी नक्कल.

पुढचा शिमगा आला. आबा गाऱ्हाण्याला उभा राहिला. इतर वाक्यं झाली आणि तो जरा थांबला. मग म्हणाला, "कुणाच्या घरची चूल थंड पडली असेल महाराजा, ती पेटती कर. कुणाच्या पाटासमोर दुसरा पाट मांड." मी घसा फोडून ओरडलो, "होय महाराजा!" मनात म्हटलं, बिचारं कोण असेल बुवा! आता आबावर नजर ठेवायला हवी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आबा माझ्या दारात. "भात टाकलास काय रे?" मी म्हटलं, "नाही अजून." खरं तर सहा महिन्यांत टाकला नव्हता. "मग टाक की. आमच्या घरी आज भांडण झालंय, मला जेवायला वाढ." मला स्टोव्ह पेटवावा लागला. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. आबा जेवला आणि म्हणाला, "वाईट होता. उद्या पाणी जास्त घाल." म्हणजे उद्याही येणार! उद्या आला, परवा आला. कधी म्हणाला बायको माहेरी गेली, कधी म्हणाला तिच्या हाताला चव राहिली नाही. पुढे सबबी संपल्या तरी तो येतच राहिला. मला कुळथाची पिठी जमायला लागली, आमसुलाची कढी जमायला लागली. तो पाटावर बसून माझ्या रोजच्या नकला ऐकायचा आणि तिसरा भात मागायचा. माझी समजूत एवढीच, की आबा म्हातारपणी खादाड झाला!

आणि खादाडपणाची नक्कल मी सोडणार? एका शिमग्याला मी पोटावर उशी बांधली, कमरेला आबासारखा पंचा गुंडाळला, हातात पत्रावळ घेतली आणि सोंगांच्या मेळ्यात घरोघर हिंडलो. "भात टाकलात काय हो? गाऱ्हाणं घालतो, पण आधी वाढा!" वाडी लोळत होती. आबाचं पोट तेव्हा खरंच सुटलं होतं. कौलं त्याचं वजन सोसत नाहीत म्हणून शिडीच्या टोकावरूनच काम करायचा. तो तुळशीशी उभा राहून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "उशी जरा खाली बांध रे, माझं पोट तिथं नाय." त्या संध्याकाळी तो जेवायला आलाच.

असा सहा वर्षं आला. मार्गशीर्षात एका पहाटे पूजेची फुलं काढता काढता गेला, फार त्रास न होता.

बारावं-तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. आबाची बायको, कमी बोलणारी बाई. ओसरीवर सुपारीचा तुकडा पुढे करत त्या म्हणाल्या, "भावजी, आता तुमच्या जेवणाचं कसं? लांज्याला अक्कांना कळवायला हवं."

"अक्काचा काय संबंध?" अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लांज्याला असते.

वहिनींनी सुपारीचं तबक बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाय? त्यांनीच तर येऊन ह्यांना सांगितलं होतं. भाऊ जगाला हसवतो नि उपाशी निजतो, देवाला गाऱ्हाणं घाला म्हणून."

मी म्हटलं, "पण आबा तर भांडून यायचा ना तुमच्याशी? तुमच्या हाताला चव नाही म्हणायचा."

"असं म्हणायचे?" वहिनी पहिल्यांदा हसल्या. "तुमच्याकडून आले की इथं परत पाटावर बसायचे. मी वाट बघत उपाशी असायची ना. मला एकटीला जेवू द्यायचे नाहीत. रोज दोनदा जेवायचे हो सहा वर्षं. मी म्हणायची, पोट फुटेल. तर म्हणायचे, देवाचं काम आहे, फुटूदे."

मी उठलो आणि घरी आलो. मला आबाचे उपकार आठवून भरून यायला हवं होतं. खरं सांगतो, मला राग आला. ज्या गाऱ्हाण्याला मी घसा फोडून 'होय' म्हटलं ते माझंच होतं! काशीबाईचं छप्पर, कुणाची विहीर, कुणाचा गोठा आणि त्याच यादीत मी. सहा वर्षं मला वाटत होतं, ह्या जगात एक माणूस आहे ज्याला संध्याकाळ झाली की माझ्याकडे यावंसं वाटतं. आणि तो तर देवाचा निरोप पोचवायला येत होता. माझ्या नकलांना तो हसला तेही त्यातच धरायचं का? आबाच्या मरणाने मी एकटा झालो होतो. वहिनींच्या त्या एका वाक्याने मागची सहा वर्षंही एकटी करून टाकली.

दोन आठवडे मी त्यांच्या घरावरून जायचं टाळलं. मग राहवेना. जाऊन उभ्या उभ्याच विचारलं, "वहिनी, एवढंच सांगा. तो काम म्हणून यायचा, की..." आयुष्यात प्रथमच मी माझे संवाद विसरलो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला न ठेवता म्हणाल्या, "ते मी काय सांगू? मला नाय बोलले कधी." थोडे खडे निवडले. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुम्ही भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेलेलात ना, पंधरा दिवस?"

"हो."

"तेव्हा पण रोज जायचे तुमच्याकडे."

"अहो, पण घराला कुलूप होतं!"

"मी पण तेच म्हणायची. कुलूप आहे, जाता कशाला? तर म्हणायचे, ठाऊक आहे. जायचे, पायरीवर बसायचे, दिवेलागण झाली की परत यायचे. मी विचारायची, काय केलंत? म्हणायचे, काय नाय गो, बसून आलो." त्यांनी सूप पाखडलं. "त्या दिवसांत इथं एकदाच जेवायचे. ते पण नीट नाय."

मी घरची वाट धरली.

माझ्या दाराला तीन पायऱ्या आहेत, चिऱ्याच्या. त्या घरात मी जन्मलो, पण पायरीवर बसायची वेळ कधी आली नव्हती. घरचा माणूस कुलूप काढतो नि आत जातो. हल्ली स्टँडवरून आलो की मी लगेच कुलूप काढत नाही. किल्ली हातात ठेवून मधल्या पायरीवर बसतो. आबा पंधरा दिवस इथं बसून काय बघत होता, ते बघतो. समुद्र दिसत नाही, मध्ये टेकडी आहे. देऊळ दिसत नाही, फणसाआड गेलंय. डावीकडे गोठ्याची भिंत, उजवीकडे दगड रचून केलेला गडगा. त्या पायरीवर बसलं की समोर एकच गोष्ट दिसते... खालच्या रस्त्यावरून वर चढत येणारी दगडी पाखाडी. मी रोज ज्या वाटेने घरी येतो, ती.