सिंधूबाईंची न्हाणी आणि माझा गार माठ

चहा घ्या आधी. आणि जपून हं, सांडू नका! ओल म्हटली की मला अजून धडकी भरते. का, ते सांगते. पण माझी फजिती या ओट्याबाहेर नेऊ नका.

थोरलीचं लग्न ठरलं होतं, तो उन्हाळा. शालू मधल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात ठेवलेला. एके सकाळी बघते तर काय, कपाटाखालच्या कोपऱ्यात ताटाएवढी ओल! नागपूरचा मे महिना, बाहेर चिमण्या पाण्यावाचून तडफडताहेत आणि आमची भिंत भिजलेली!

त्या कोपऱ्याच्या एका अंगाला आमचं स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला शेजारच्या सिंधूबाईंची न्हाणी. संशय कोणावर घ्याल? मी तर महिला मंडळात 'घराची ओलीपासून राखण' यावर भाषण दिलेली बाई! टाळ्या पडल्या होत्या. मी स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सिंधूबाई, तुमची न्हाणी झिरपून राहिली."

"काहून वं? माही न्हाणी ठणठणीत कोरडी हाय!"

"मंग माही भिंत काय रडून राहिली?"

झालं. आमचं बोलणं बंद, आणि गल्लीतल्या जाणकारांची आमच्याकडे रीघ! एकानं डांबर सुचवलं, दुसऱ्यानं चुन्यात गूळ. आमच्या यांच्या हापिसातले साहेब आले, भिंतीवर टिचकी मारून "सीपेज" म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या! इंग्रजीत सांगितलं म्हणजे रोग पक्का.

आता आल्यागेल्याला पाणी नको का विचारायला? आणि माझ्या माठाचं पाणी म्हणजे अख्ख्या गल्लीत नाव! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला लागून रेती पसरलेली, त्यात दोन माठ, आत वाळा. रेतीत धणे टाकले होते. सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, कसा लुसलुशीत आला होता! पाहुणे वाढले तशी माठ गार राहावेत म्हणून मी रेतीवर सकाळ-संध्याकाळ बादली ओतू लागले.

इकडे डाग ताटाचा परातीएवढा झाला. मग थेट कपाटाच्या फळीला टेकला. मला रडू कोसळलं. जाणकारांनी गार पाणी पिऊन निकाल दिला, न्हाणी फोडा!

सिंधूबाई बिचाऱ्या कबूल झाल्या. "पोरीच्या शालूसाठी फोडतो वं. पन ओल नाही निघाली, तं आमचं सारं घर तुमच्याकडे आंघोळीले येईन. सांगून ठेवतो!"

फरशी उखडली. खाली काय? धूळ! अशी कोरडी की सगळे शिंकायला लागले. धुळीनं माखलेल्या सिंधूबाई आमच्याकडे आल्या, माझ्याकडे न बघताच पाणी प्यायला आत गेल्या. आणि आतून हाक आली,

"मंदाबाई, इकडे या वं."

गेले. सिंधूबाईंचा पाय रेतीत घोट्यापर्यंत रुतलेला. माठांमागच्या भिंतीवर कमरेइतकं हिरवंगार शेवाळ. त्यांनी नख लावलं, तर गिलावा पुरणासारखा हातात आला.

"हे भिंत हाय का धानाची बांधी?"

बांधी म्हणजे तुमचं भाताचं खाचर. मी आपली म्हणाले, "पण रेती भिजवल्याशिवाय माठ गार कसा राहील?"

शालू वाचला. न्हाणीची फरशी मात्र लग्नापर्यंत काही बसली नाही. तोवर सिंधूबाईंचं सारं घर आमच्या न्हाणीत! सिंधूबाई सगळ्यांत शेवटी शिरायच्या आणि रोज आतून ओरडायच्या, "मंदाबाई, तुमच्या सांभाराले दोन तांबे टाकू का वं?"

एके दिवशी नेमके व्याही बसलेले. त्यांनी कान टवकारले. "अरे वा! सांभार लावता? शेत-वावरबी हाय का तुमचं? कुठंशी?"

आमचे हे छताकडे बघू लागले. न्हाणीतून खुदखुदल्याचा आवाज आला. मी पदर तोंडाला लावला आणि म्हणाले, "घरालागूनच हाय, भाऊजी. बाराही महिने ओलिताचं."