अकरा दिवसांची रोजची गाडी

जॅनिन ट्रेझाईज ही ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टेकड्यांमधली घरोघर फिरणारी नर्स. वय सत्तावन्न, घरात एकटी, आणि गाडी एकच: दोन सीटची, कापडी टपाची, वजनाला अगदी हलकी. नर्सबाईला असली गाडी कशाला, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "तुझ्या पायाची पट्टी वेळेवर बदलली जाते ना? मग गप बस." रोज सकाळी सातला ती घाट चढायची ते याच गाडीने. पाऊस असो, धुकं असो.

गाडीचं एकच दुखणं होतं. घाटात ट्रकच्या मागे अडकलं की वेग पडायचा, आणि पुन्हा उचल घ्यायला इंजिनात दम नसायचा. गिअर खाली आणा, इंजिन किंचाळतंय, आणि मागून येणारा ट्रक आरशात मावेनासा झालेला! एप्रिलमध्ये एक ट्रक इतका अंगावर आला की वर पोचल्यावर पेशंटचं इन्सुलिनचं इंजेक्शन भरताना तिला डोस तीनदा मोजावा लागला. त्या दिवशी तिने ठरवलं, सुपरचार्जर बसवायचा. म्हणजे इंजिनात हवा कोंबून त्याची ताकद वाढवणारा पंप. पण त्याची किटं ढीगभर. चुकीचं निवडलं तर गाडी गॅरेजात पडणार आणि वरचे एकोणीस पेशंट वाऱ्यावर. गॅरेजवाले बदली गाडी देतात, पण ती दोन दिवस, दोन महिने नाही.

म्हणून तिने क्लबात विचारलं. तिच्यासारख्याच गाड्यांचा क्लब, सगळे बाप्ये, आणि प्रत्येकाकडे मत! एखाद्या बाईने क्लबात प्रश्न विचारला की या लोकांना असा काही चेव येतो! एकाने तिला इंजिन म्हणजे काय इथपासून सुरुवात करून सांगितलं. तिने याच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, स्वतःच्या हाताने उतरवलेलं होतं. पण ऐकून घेतलं, करते काय.

त्यांच्यात वजन होतं ते सेक्रेटरी ग्रॅम फिट्झनरच्या शब्दाला. चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या दिवशी त्याच्या गाडीचा आकडा दरवर्षी फळ्यावर पहिला. दोनशे तीस हॉर्सपॉवर.

"हे किट बसवून आठ वर्षं झाली, जॅनिन," ग्रॅम म्हणायचा. "रोज चालवतो. एकदा बेल्ट बदलला, बस्स. तुम्ही पाच जणांनी मिळून तेच किट मागवलं तर सवलत आहे. चौघं तयार आहेत. पाचवी तू. सोमवारी ऑर्डर जाते."

रोज चालवतो, या शब्दांवर ती भाळली. आकड्यावरही भाळली, हे मात्र तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

जूनचा शेवटचा शनिवार म्हणजे क्लबात लॉगबुकांचा दिवस. तीस वर्षांपलीकडच्या गाड्यांना स्वस्तातलं रजिस्ट्रेशन मिळतं, पण ती वर्षात नव्वद दिवसच रस्त्यावर काढायची, आणि निघण्याआधी दर फेरी वहीत लिहायची. वर्ष संपलं की क्लब वही तपासून शिक्का मारतो. यंदा ते काम जॅनिनच्या गळ्यात पडलं, कारण या लोकांना बढाया मारायला वेळ असतो, शिक्के मारायला नसतो. तिची स्वतःची गाडी पूर्ण रजिस्ट्रेशनची होती, त्यामुळे असली वही तिने आजवर उघडली नव्हती. बाहेर सॉसेज भाजल्याचा वास, आत टेबलावर वह्यांची चळत. तिसरी वही ग्रॅमची निघाली.

वर्षभरात अकरा फेऱ्या. त्यातल्या पाचांपुढे लिहिलेलं: दुरुस्तीनंतर चाचणी.

तिने आधीची पानं चाळली. त्याआधीच्या वर्षी नऊ, त्याच्याही आधी सात. मग त्या चौघांपैकी ज्या दोघांच्या गाड्यांना किट आधीच होतं आणि जुनं काढून नवं घालायचं होतं, त्यांच्या वह्या काढल्या. सहा. चार. आणि हे दोघंही छाती ठोकून सांगत होते, रोज! शी! तिला शिसारी आली. सडलेल्या जखमा ती नाक न मुरडता धुवायची, पण ही वही हातात धरवेना.

ग्रॅम तोंडात पाव कोंबत आत आला. तिने वही त्याच्यापुढे आपटली.

"रोज चालवतोस ना?"

"अगं, रोज म्हणजे..." त्याने घास गिळला. "रोज चालवता येईल अशी आहे."

"मग चालवत का नाहीस?"

"खराब होईल ना!"

हे तो अगदी निरागसपणे म्हणाला. लाज नाही, काही नाही.

"या किटच्या भरवशावर मी पेशंटकडे जाणार होते, ग्रॅम. गाडी घाटात बंद पडली असती म्हणजे?"

"असं सगळेच बोलतात, जॅनिन. एवढं मनाला लावून घेतात का? शिक्का मार. नियमात बसतंय की."

नियमात बसतच होतं, तेच तर ओंगळ होतं. तिने शिक्का मारला, किटच्या यादीत पाचव्या जागेवरचं स्वतःचं नाव खोडलं, आणि सॉसेजला हात न लावता घरी गेली.

सोमवारी दुपारी ती वरच्या लोबेथल गावच्या दवाखान्यात रक्ताच्या नळ्या द्यायला गेली. त्या लॅबला पोचवणारा लाकिस दारात उभा होता. त्याचीही गाडी तसलीच, तोही क्लबातलाच, शेजारच्या सीटवर बर्फाची पेटी पट्ट्याने बांधलेली. हा माणूस दिवसाला दोनदा घाट चढतो, हे तिला आजच सुचावं!

"लाकिस, तुझ्या गाडीला किट आहे?"

त्याने बॉनेट उघडलं. लहानसा पंप, तेलकट, ना रंग ना चमक. "पाच वर्षं. एक लाख नव्वद हजार किलोमीटर. आकडा फक्त एकशे चाळीस येतो, पण खालच्या वेगातच ओढते. ट्रकमागे गिअरसुद्धा बदलावा लागत नाही."

तिने किटचं नाव तळहातावर लिहून घेतलं. जीव भांड्यात पडला, आणि लगेच रागही आला.

"मग क्लबात बोलला का नाहीस? त्या थापाड्यांच्या नादाला लागले होते मी!"

"बोललो होतो. मागच्या मोजणीला माझा आकडा सगळ्यात खाली आला. मी म्हटलं, पण ही रोज घाट चढते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, एवढ्या ताकदीवर तर माझं शिवणयंत्र चालतं. मग काय, सगळे पोट धरून हसले. मी परत तोंड उघडलं नाही."

"ग्रॅमच असणार. नालायक मेला!"

"नाही," लाकिस म्हणाला. त्याने नळ्या पेटीत ठेवल्या, पावतीची वही उघडली आणि सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं. "तू म्हणालीस."