वरच्या शेतातलं बी

फोर्तुनाता आमच्या गावची बियाणेवाली. कुणाचं बटाट्याचं बी बिघडलं की तो टोपली घेऊन तिच्या दारात हजर. गेली सहा वर्षं खालच्या शेतांत खरूज शिरली आहे: सालीवर फोड, कापलं की आत तपकिरी कड्या. आमचीच करणी. जमीन सात वर्षं पडीक ठेवायची रीत मोडून गावसभेने ती तीनवर आणली. फोर्तुनाता एकटी विरोधात बोलली. हात वर करणाऱ्यांत मीही होते, त्याची आजही लाज वाटते.

तिने मात्र आपलं वरचं शेत, जिथे चढताना ओझी वाहणारी लामा जनावरंसुद्धा धापा टाकतात, हट्टाने आठ वर्षं पडीक ठेवलं. गेल्या पेरणीला घरातलं शेवटचं निरोगी बी तिने तिथे लावलं. वर लाडाने मेंढवाड्यातलं सगळं लेंडीखत लामांवरून वाहून नेलं.

परवा खणायला आम्ही दोघीच गेलो. पहिला बटाटा तिने कापला. आत तपकिरी कडी. दुसऱ्यात दोन. तिसरा तिने न कापता माझ्या हातात दिला.

शहरातून माती तपासायला येणारी एलियाना संध्याकाळी फोर्तुनाताच्या घरी आली; मीही तिथेच होते. "मावशी, खरजेचे बटाटे तुम्ही काय करता?"

"मेंढ्यांना घालते. बटाटा फेकतात होय? पाप लागतं."

"कच्चेच?"

"मग काय मेंढ्यांसाठी चूल पेटवू? जाळायला लेंड्या काय आभाळातून पडतात?"

एलियानाने मान खाली घातली. खरजेचे बारीक कण मेंढीच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडतात, म्हणाली. लेंडीतून ते शेतात जातात आणि बटाट्याच्या मुळात शिरताना कड्या पाडणारा विषाणूही सोबत नेतात. उकडले असते तर मेले असते.

"औषध?"

"मातीतल्या याच्यावर नाही, मावशी."

"किती वर्षं राहतं?"

"पंधरा. कदाचित वीस."

"म्हणजे मी सत्त्याऐंशीची. येईन हो खणायला, काठी टेकत."

मला उगाच एलियानाचाच राग आला.

आज सकाळी पाहिलं तर फोर्तुनाता रोगट बटाट्यांची टोपली घेऊन मेंढवाड्यापाशी उभी. मेंढ्या सवयीने ओरडत होत्या.

"तू शाळेत शिकवतेस, तूच सांग," ती म्हणाली. "यांना घालायचे नाहीत. पुरले तर तिथली माती जाईल. फेकले तर पाऊस खाली नेईल. उकडावे तर जळण नाही, सगळं वरच्या शेतात घातलं. ठेवू कुठे?"

टोपली जड होती, म्हणून एक कड मी धरली आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.