इंजिनावर उमटलेलं कुंकू

विमानाचं इंजिन विमानाला जोडलेलं असतं तेव्हा ते वादळातून जातं, गारा झेलतं, वाटेत एखादी घार आली तर तीही गिळतं म्हणतात. तेच इंजिन उतरवून ट्रेलरवर ठेवलं की त्याच्याइतकं नाजूक जगात काही नाही. मुंबईहून नागपूरच्या दुरुस्तीच्या कारखान्यात मी असं एक इंजिन आणलं. पहिलटकरणीला माहेरी आणतानाही कोणी एवढं जपत नसेल.

मी मूळचा राखवाला. खापरखेड्याच्या वीज केंद्राची राख टिप्परमध्ये भरायची आणि वीटभट्ट्यांवर नेऊन ओतायची, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. राखेला धक्क्याचं काही वाटत नाही. खड्डा आला तर खड्ड्यातून, ब्रेकर आला तर ब्रेकरवरून. उडाली ती राख वाऱ्याची, आणि खोकला तेवढा आपला. सक्करदऱ्याला घरी पोचलो की बायको आधी अंगणातच अंगावर बादली ओतायची आणि मग मला ओळखायची. म्हणून आमचे गाडीमालक शेठ जेव्हा म्हणाले, "एक खेप नीट आण, मग तुले कायमचा इंजिनावर ठेवतो," तेव्हा मला खरोखर रडू आलं. थंडगार केबिन, हवेच्या स्प्रिंगांचा ट्रेलर आणि संध्याकाळपर्यंत पांढरा राहणारा शर्ट. माणसाला आणखी काय पाहिजे?

अट एकच होती. इंजिन एका पिवळ्या लोखंडी पाळण्यात बसवलेलं असतं आणि त्या पाळण्याला बोटाएवढी काचेची नळी चिकटवलेली असते. नळी पांढरी असते. पाळण्याला जोराचा दणका बसला की ती लाल होते, आणि मग काही केलं तरी पुन्हा पांढरी होत नाही. कारखान्याच्या फाटकावर नळी पांढरी निघाली तर ड्रायव्हर कामाचा. लाल निघाली तर इंजिन उघडून तपासायचं आणि ड्रायव्हरने आपल्या राखेकडे परत जायचं.

मी गाडी अशी चालवली की मलाच माझी लाज वाटली. महामार्गाचं काम चालू होतं तिथे आम्हाला गावागावांतून वळवलं. आपल्याकडे ज्याच्या घरासमोरून रस्ता जातो तो स्वतःच्या इभ्रतीसाठी एक ब्रेकर टाकून घेतोच. प्रत्येक ब्रेकरवर मी श्वास रोखून एकेक चाक चढवायचो आणि उतरवायचो. एका बैलगाडीवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून विचारलं, "काहून गा, बंद पडली काय?"

"नाही गा, विमानाचं इंजिन घेऊन चाललो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या बैलांकडे पाहिलं आणि समाधानाने पुढे गेला.

शेठ जीप घेऊन पुढे होते. थांबा आला की ते आधी नळी पाहायचे, मग मी पाहायचो, आणि मग आम्ही चहा घ्यायचो. नागपूरच्या रिंग रोडला लागलो तेव्हाही नळी दुधासारखी पांढरी होती.

तिथे तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी बायको उभी होती, हातात महालच्या बाजारातून आणलेली पितळी थाळी. मीच तिला बोलावलं होतं. आमच्या गल्लीत माझ्यावर कोणाचा विश्वास नव्हता, निदान घरच्या माणसाने तरी डोळ्यांनी पाहावं. तिला पूजा करायची होती. मी शेठना विचारलं. शेठ देवभोळे. म्हणाले, "पूजेले कोणी नाही म्हणते काय? फक्त ताडपत्री नको उघडू म्हणा." आणि आम्ही दोघं पोहे खायला गेलो.

तिने ताडपत्रीला हात लावला नाही. चाकांखाली लिंबं ठेवली, फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली. आता नारळाचं असं आहे की आमच्याकडे दर दसऱ्याला तो टिप्परच्या बंपरवर फुटतो. जमिनीवर फोडला तर पूजा जमिनीला पोचते, असं तिचं शास्त्र आहे. ज्याची पूजा, त्याच्याच लोखंडाला पाणी लागलं पाहिजे. आणि ही पूजा काही ट्रेलरची नव्हती. ताडपत्रीखालून त्या पाळण्याचा पिवळा कोपरा नळीसकट छान बाहेर आलेला होता.

टण्ण असा आवाज आला. मला आवाजावरूनच कळलं. शेठच्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले. मी धावलो.

नारळ एका फटक्यात फुटला होता. बायको त्या नळीकडे बोट दाखवून हसत होती. "अजी, पाहा न! तिथं म्या कुंकू लावलंच नव्हतं, अन् काचेत आपोआप उमटलं. देव पावला जी!"

एवढा आनंद मी तिच्या तोंडावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"हो वं," मी म्हणालो. "पावला." आणि तिने दिलेलं खोबरं खाल्लं. खोबरं गोड होतं, हेही सांगितलं पाहिजे.

कारखान्याच्या फाटकावर इंजिनिअर वाकला, नळी पाहिली, पाळण्याच्या कोपऱ्यावरून नारळाची शेंडी बोटाने काढली. माणूस नागपूरचाच होता. "नारळ कोणी फोडला?"

शेठनी मला बाजूला ओढलं. "सांग, बायकोनं फोडला. अडाणी बाई आहे, चूक झाली, असं लिहून देऊ. ड्रायव्हरची चूक नाही म्हटलं तं तुह्यं काम वाचते."

शेठ माझ्या भल्याचंच बोलत होते. इंजिनिअरही थांबला होता, त्यालाही मला सोडायचंच असावं. पण 'अडाणी' ऐकल्याबरोबर माझं डोकं सणकलं. ती दहावी पास आहे, मी सातवी नापास. माझ्या अंगावरची राख जिने इतकी वर्षं धुतली, तिचं नाव या लोकांच्या कागदावर अडाणी म्हणून चढवायचं, आणि तेही माझ्या पांढऱ्या शर्टासाठी?

"म्या फोडला," मी म्हणालो.

"तुम्ही? एवढं जपून आणून?"

"हो जी. खुशीच्या भरात."

इंजिन उघडून पाहिलं तर त्याला काहीही झालं नव्हतं. घार पचवणाऱ्याला नारळ काय करणार! पण लाल ते लाल. पुढच्या आठवड्यात मी खापरखेड्याला राखेच्या रांगेत उभा होतो.

बायकोला सांगितलं, हळू चालवून झोप येते, म्हणून मीच ते काम सोडलं. तिने ते अजून मनातून काढलेलं नाही. "देव स्वतःहून पावला होता, अन् तुमच्यानं तेही टिकलं नाही," असं ती अंगावर बादली ओतताना ऐकवते. मी डोळे मिटून ऐकतो. साबण जात असतो डोळ्यांत.

दर दसऱ्याला ती टिप्परसमोर नारळ घेऊन उभी राहते. आता मी शेजारीच उभा असतो. "हाण वं," म्हणतो, "जोरात हाण." नारळ फुटला की ती वाकून बंपर पाहते, कुठे आपोआप कुंकू उमटलं काय म्हणून. उमटत नाही. ती माझ्याकडे रागाने पाहते आणि मग खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्याच हातावर ठेवते.