पुंगळीला लावायचं वंगण

यामिनी उपासनीने नवऱ्याच्या छंदाचा राग राग करायचं ठरवलं होतं. पण ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गच्या त्या घरात राहून तिला त्यातलं इतकं कळायला लागलं की रागही धड करता येईना.

दत्तात्रय उपासनी पुण्याला इंजिनिअर होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना इंजिनिअर म्हणून बोलावून घेतलं आणि गाड्यांच्या दारांची बिजागरं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसच्या यंत्रावर उभं केलं. सुरुवातीला ते अर्ज करत. इथला अनुभव नाही, असं उत्तर येई. इथला अनुभव मिळाला तेव्हा, तो तर प्रेसवरचा आहे, असं उत्तर आलं. मग त्यांनी अर्ज करणं सोडलं. त्याच सुमारास कारखान्यातल्या बॅरीने त्यांना एका रविवारी नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि घरात रायफल आली.

"कागदावरचा काळा ठिपका तुमची डिग्री कुठली विचारत नाही," ते म्हणत. क्लबात सगळे त्यांना 'डट्टा' म्हणत. संघात कोणी घेत नसे, पण सामन्यांच्या दिवशी चहाची मोठी किटली उचलायला डट्टाच लागे.

गोळ्या ते घरीच, गॅरेजमध्ये भरत. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी वाया जात नाही. ती फुगलेली असते, म्हणून दांड्याच्या छोट्या प्रेसने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मापावर आणतात आणि पुन्हा भरतात. दाबण्याआधी तिला वंगण लावावं लागतं. जास्त झालं तर पितळेला पोचे येतात. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की ओढायला जावं तर तिची कडच तुटून हातात यावी.

या वंगणापायी उपासन्यांनी घरातली एकही बाटली सोडली नाही. आधी यामिनीचं खोबरेल नेलं. ते जूनच्या थंडीत दगडासारखं गोठलं. मग शिवणयंत्राचं तेल नेलं, ते पातळ निघालं. व्हॅसलीन चिकट. दुकानातलं मेण चांगलं होतं, पण बोटांनी चोळून सगळीकडे सारखं बसेना.

"लग्नात मला हळद लावली तेव्हा तुमच्या आईने इतका विचार केला नव्हता," यामिनी म्हणाली.

"हळद कमी-जास्त झाली म्हणून नवरी कुठे अडकत नाही," ते मान वर न करता म्हणाले.

"न अडकायला काय झालं? इथपर्यंत आले की."

शेवटी लॅनोलिन ठरलं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती यामिनीच्या दुधाच्या पातेल्यात पातळ करायची, स्पिरिटमध्ये मिसळायची आणि फवारणीच्या बाटलीत भरायची. पुंगळ्यांवर फवारा मारला की स्वस्थ बसायचं. स्पिरिट उडून जातं आणि पितळेवर हाताला जेमतेम जाणवेल असा थर राहतो. "खरं वंगण म्हणजे थांबणं," उपासनी शिकवल्यासारखं सांगत. "ओलं असताना घातलं की रुतलीच म्हणून समज." पातेल्याला मात्र त्यानंतर कायमचा मेंढीचा वास लागला.

लॅनोलिन केमिस्टकडे मिळे. उपासन्यांची शिफ्ट असे, म्हणून आणायला यामिनी जाई. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, बाळ केवढं आहे. ते मलम बहुतेक अंगावर पाजणाऱ्या बायका नेतात, हे यामिनीला ठाऊक नव्हतं. "बाळ नाही, नवऱ्याला हवंय," ती म्हणाली, आणि त्या मुलीला कुठे बघावं ते कळेना. पुढच्या वेळी काउंटरवर दुसरी मुलगी होती. तिनेही तेच विचारलं. यामिनी म्हणाली, "तीन महिन्यांचं." तेव्हापासून ती तसंच सांगत आली. बाळ काही मोठं झालं नाही. उपासन्यांना मूल नव्हतं, आणि घरी या गोष्टीचा उच्चार करायची सोय नव्हती.

मग भारतातल्या विद्यार्थ्यांची लाट आली. फॉस्टर स्ट्रीटवर जिकडेतिकडे पाठीला सॅक लावलेली पोरं दिसू लागली. कोणी स्वयंपाकाचा कोर्स करत होतं, कोणी अकाउंटिंगचा. यामिनीने मागची खोली नागपूरच्या प्रतीक्षाला दिली. ती हेअरड्रेसिंग शिकत होती आणि शनिवारी एका सलूनमध्ये काम करत होती. घरात कोणीतरी "काकू, चहा टाकू?" विचारायला लागलं, आणि यामिनीला घर पुरेनासं झालं. प्रतीक्षाची मैत्रीण विनीता तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत असे.

"गॅरेज द्या," यामिनी म्हणाली. "हीटर लावला की झकास खोली होईल. पोरगी फरशीवर झोपते."

"माझं एवढंच आहे."

"आणि माझं काय आहे, ते सांगा."

त्या वर्षी क्लबच्या संघात एक जागा रिकामी झाली होती, आणि बॅरीने निवडीच्या सामन्यासाठी डट्टाचं नाव घातलं होतं. "रविवारी संघात आलो तर गॅरेज माझं," ते म्हणाले. "नाही आलो तर घे तुझ्या पोरींना."

आदल्या दिवशी, शनिवारी, खंडेनवमी आली. उपासनी सकाळी जादा शिफ्टला गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी पुंगळ्यांवर फवारा मारून ट्रे वाळत ठेवला होता. यामिनीने इतक्या वर्षांत गॅरेजमध्ये केरसुणीशिवाय काही नेलं नव्हतं. त्या दिवशी आंघोळ करून तिने हळद-कुंकवाचं तबक घेतलं. आपला माणूस पहिल्यांदा कोणाच्यातरी बरोबरीने उभा राहणार होता. गॅरेज मिळालं नाही तर न मिळो, असं तिच्या मनात स्वच्छ आलं.

"कोणाची पूजा, काकू?" कामावर निघालेल्या प्रतीक्षाने विचारलं. "आमच्याकडे दसऱ्याला विहारात जातात. शस्त्रं-बिस्त्रं नाही."

"रायफल तिजोरीत आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात. मला आपले स्पॅनर राहिलेत पुजायला."

"काका संघात आले तर विनीता फरशीवरच ना?"

"मग तुला कॉटवर सरकून झोपावं लागेल."

यामिनीने प्रेसला हळद-कुंकू लावलं, डायला लावलं, ट्रेमधल्या पुंगळ्यांवर अक्षता टाकल्या आणि कुंपणावरचं जिरेनियम वाहिलं. लॅनोलिनच्या थराला कुंकू चिकटलं, ते तिला छानच दिसलं.

दुपारी उपासनी आले आणि गॅरेजच्या दारात थबकले.

"खंडेनवमी आहे," यामिनी मागून म्हणाली.

"दिसतंय."

त्यांनी आवाज चढवला नाही. प्रेस आणि डाय पुसून लख्ख केली, एकेक पुंगळी स्पिरिटने धुतली आणि सगळ्यांवर नव्याने फवारा मारला. ती चहा घेऊन गेली तेव्हा त्यांनी पहिली पुंगळी प्रेसला लावलीसुद्धा होती. ट्रेमधल्या बाकीच्या चमकत होत्या. वाळलेल्या पुंगळ्या चमकत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"अजून ओल्या दिसतायत," ती म्हणाली.

"तू बाहेर जा."

ती बाहेर गेली. पहिली निघाली, दुसरीही निघाली. पुढचीला दांडा खाली गेला तो वर येईना. मग जोर लावल्याचा आवाज आला, आणि पितळ फाटल्याचा. उपासनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पुंगळीची तुटलेली कड होती. बाकीची पुंगळी डायमध्ये बसली होती. दुसरी डाय नव्हती.

"तू हे मुद्दाम केलंस," ते म्हणाले. "गॅरेजसाठी."

यामिनीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. कुंकू तर तुम्ही धुऊन काढलंत. स्पिरिट उडू दिलं नाहीत. मी सांगितलं, तर मला बाहेर काढलंत. पण तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं या माणसाला जो तो नाही म्हणत आला होता. आपली घाई आपल्याला नडली, हे आज त्याला स्वतःच स्वतःला सांगावं लागणार होतं, आणि तेवढं बळ त्याच्यात उरलेलं दिसत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम केलं."

त्यांनी मान डोलावली. अगदी सहज डोलावली.

रविवारी ते विकतच्या गोळ्या घेऊन गेले. त्यांच्या रायफलचा नेम त्या गोळ्यांवर बसवलेला नव्हता. बॅरी म्हणाला, नेक्स्ट यर, मेट. पुढच्या वर्षी ते गेले नाहीत. रायफल विकली. गॅरेजमध्ये पार्टिशन त्यांनी स्वतः घातलं, सफाईदार, इंजिनिअरने घालावं तसं. घालताना शीळही वाजवत होते. विनीता तिथे राहायला गेली. ती आणि प्रतीक्षा परमनंट रेसिडेन्सी मिळून क्रेगीबर्नला राहायला गेल्या, तेव्हा दुसऱ्या मुली आल्या.

उपासनी त्यानंतर खरोखरच निवळले. कारखान्याविषयी कुरकुर थांबली, जुने अर्ज निघेनासे झाले. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या पंगतीत ते रंगात येऊन सांगत, "मी क्लबच्या संघात असतो हो. पण आमच्या हिने काय केलं, गॅरेज हवं म्हणून माझ्या गोळ्यांना हळद-कुंकू लावलं." मंडळी पोट धरून हसत. कोणी म्हणे, "धन्य आहे वहिनींची." सांगता सांगता त्यात भर पडत गेली. संघाच्या जागी राज्याचा संघ आला, आणि मग, हिच्यामुळे इंजिनिअरिंगही सुटलं, असं एक वाक्य कधी चिकटलं ते यामिनीला कळलंही नाही.

एका वर्षी क्रेगीबर्नहून आलेली प्रतीक्षा वाढायला तिच्याबरोबर होती. स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "काकू, मी होते त्या सकाळी. तुम्ही तर त्यांच्यासाठीच करत होतात. सांगत का नाही?"

"आता सांगून ते कुठे जातील?"

"आणि तुम्ही?"

बाहेरून हाक आली. उपासन्यांची गोष्ट शेवटाला आली होती आणि साक्षीला बायको हवी होती. यामिनी वरणाचं भांडं घेऊन पंगतीत गेली.

"विचारा, विचारा हिलाच," ते म्हणाले. "काय गं, मुद्दाम केलंस ना?"

"हो," ती म्हणाली, आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.